खिळा कुठे आहे?

पंक्चर झालेल्या माणसाला आपल्याकडे मान आहे. तो लग्नाला उशिरा पोचतो, सदऱ्याच्या बाहीवर काळे ओरखडे असतात आणि मांडवात शिरताना तो "पंक्चर" एवढंच बोलतो. त्याला लगेच पाणी मिळतं, पंख्याखालची खुर्ची मिळते, मुहूर्त चुकल्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. उलट चारजण आपापली पंक्चरं घेऊन त्याच्याभोवती बसतात. एकाचं कशेडी घाटात रात्री बारा वाजता झालेलं असतं, दुसऱ्याचं आंबा घाटात भर पावसात, आणि तेव्हा जॅक नेमका घरी राहिलेला असतो. शेवटी खिळ्याची लांबी दोन बोटांत धरून दाखवतात. ती दर लग्नसराईत थोडी वाढते.

ज्याच्या चाकातली हवा हळूहळू जाते त्याने हाच प्रयोग करून बघावा. "डाव्या अंगाच्या मागच्या चाकातली हवा जरा कमी होते हो. आठवड्याला चार-पाच पौंड." ऐकणारा मान डोलावतो आणि मठ्ठ्याच्या दिशेने बघायला लागतो. या हकिकतीत घाट नाही, रात्र नाही, पाऊस नाही आणि मुख्य म्हणजे खिळा नाही. खिळा असला की कुणाला तरी शिव्या देता येतात. नुसत्या कमी होणाऱ्या हवेला काय म्हणणार?

आमच्या शेजारचे भाऊ हे अशाच एका बिनखिळ्याच्या गाडीचे मालक. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा पहिल्यांदा ज्या अंगणांत शिरतो, त्यांतलं एक त्यांचं. गाडी पांढरी, लहानशी, मुलाने हौसेने घेऊन दिलेली आणि चकचकीत ॲलॉयच्या चाकांची. भाऊंची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. इतके पंचनामे केल्यावर माणसाचा एक स्वभाव बनतो. नुकसान आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे इसम आहे. मागच्या डाव्या चाकात हवा कमी दिसायला लागली तेव्हा भाऊंनी चाकाकडे एकदाच पाहिलं आणि मग बराच वेळ गल्लीकडे पाहिलं.

"कुणीतरी मुद्दाम केलंन्," ते म्हणाले.

संशयितांची यादी लांब होती. क्रिकेट खेळणारी मुलं तीत अर्थातच होती, कारण ती कुठल्याही यादीत असतात. मग समोर बांधकाम चालू होतं तिथला सुतार, कारण त्याच्याकडे खिळे असतात. मग पंक्चरवाले, कारण धंदा चालावा म्हणून ते रस्त्यावर खिळे टाकतात हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. काही दिवस पलीकडच्या बिऱ्हाडातलं मांजरही त्या यादीत होतं. मांजराला व्हॉल्व्हची पिन काढता येत नाही, असं मी सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "मांजराचं नाव कोण घेतंय? मी मांजरवाल्यांचं म्हणतोय."

त्यांनी एक वही घातली. तारीख, वेळ, चाक, दाब. "सकाळी ७. डा.मा. २६." शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिले काही आठवडे फक्त "तपास चालू" असंच लिहिलेलं होतं.

वही घालण्याआधी अर्थातच लाथ होती. टायरची तपासणी आपल्याकडे पायाने होते. गाडी विकणारा लाथ मारतो, विकत घेणारा मारतो, सोबत आलेला मेहुणा, ज्याचा व्यवहाराशी काही संबंध नसतो, तो सर्वांत जोरात मारतो. त्यातून काय समजलं ते कुणी सांगत नाही, पण समजल्याचा चेहरा सगळे करतात. जुन्या जाड बाजूंच्या टायरच्या काळात कदाचित पायाला काही कळतही असेल. आताचे टायर रेडियल. त्यांची बाजूची भिंत मऊ असते आणि पुरेपूर हवा असतानाही ती खाली जमिनीपाशी थोडी फुगलेलीच दिसते. ३३ पौंड असलेलं चाक आणि २५ पौंड असलेलं चाक शेजारी शेजारी ठेवा, भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. म्हणजे ज्याची हवा गेलीय असं वाटतं त्याची गेलेली नसते, आणि जिची जाते ती गाडी खुशाल सगळ्यांच्या लाथा खाऊन उभी राहते.

भाऊंनी मग गेज आणलं. त्याने प्रश्न सुटण्याऐवजी वाढले. सकाळी घरी २६ दाखवणारं चाक पेट्रोल पंपावर २९ दाखवायला लागलं. "हवा परत येते!" भाऊंनी मला फाटकातूनच सांगितलं. हवा परत येत नव्हती, तापत होती. तापमान दहा अंश सेल्सिअस वाढलं की साधारण दीड-दोन पौंड दाब वाढतो, आणि धावलेला टायर तर चांगलाच तापतो. म्हणून दाब मोजायचा तो गाडी उभी राहून थंड झाल्यावर. हे मी सांगितलं. वहीत शेरा पडला, "उन्हाचा संबंध तपासणे."

खरं तर हवेवर गाडी चालवायची ही कल्पनाच पहिल्यापासून निसरडी. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात अशी चाकं लावलेल्या घोडागाड्या लोकांना पळवून दाखवल्या. लोकांनी बघितल्या, छान म्हटलं आणि विसरून गेले. मग १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बसवली आणि पेटंट घेतलं. थोड्याच काळात कुणाला तरी थॉमसनचे जुने कागद सापडले आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं. हवेच्या चाकातून पहिल्यांदा निसटली ती हवा नव्हे, मालकी. महसूल खात्यातल्या माणसाला ही गोष्ट आवडायला हरकत नव्हती. पण भाऊंनी फक्त एवढंच विचारलं की जुने कागद बाहेर काढणारा इसम कोण.

तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं हवा ट्यूबमध्ये राहत होती. आपल्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी गाड्यांच्या लोखंडी डिस्कांना गंज नव्हता असं नाही, भरपूर होता. पण गंज डिस्कचा आणि हवा ट्यूबची, दोघांचा संबंध फार जवळचा नव्हता. गंजाने ट्यूबला कधी चावा घेतला तर तेवढंच. मग अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने १९४० च्या दशकात ट्यूबच काढून टाकली, १९५५ पासून तिकडच्या नव्या गाड्या सरसकट ट्यूबलेस टायरवर निघायला लागल्या आणि यथावकाश ते आपल्याकडेही आलं. फायदा खरा आहे. खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट धरून ठेवतं आणि हवा भस्सकन जात नाही. पण ट्यूब गेल्यावर तिचं काम वाटून घ्यावं लागलं. आतून टायरला हवा सहजी न सोडणाऱ्या रबराचा एक थर असतो, तो अर्धं काम करतो. उरलेलं अर्धं काम चाकाच्या धातूवर आलं, आणि त्या धातूला हे कुणी विचारलं नव्हतं.

टायरचा काठ म्हणजे बीड. आत पोलादी तारांचं कडं, वर रबर. हा काठ रिमच्या आतल्या कडेवर बसतो. गोंद नाही, स्क्रू नाही. आतली हवाच त्याला रिमवर दाबून धरते. म्हणजे आपण ताशी ऐंशीच्या वेगाने निवळीचा घाट उतरतो, तेव्हा आत बसलेली माणसं, आंब्याच्या पेट्या आणि मुंबईला पोचवायचे फणस, हे सगळं रबर धातूला नीट टेकून बसण्यावर अवलंबून असतं. पोह्यांच्या डब्याच्या कडेवर एक दाणा अडकला की झाकण लागल्यासारखं दिसतं, पण पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी पोहे मऊ पडलेले असतात. इथे दाणा गंजाचा असतो, एवढाच फरक.

आणि कोकणात त्या दाण्यांना तोटा नाही. इथे गंज पाहुणा म्हणून येत नाही, तो घरातलाच असतो. खिडकीचे गज, शेगडीची खालची बाजू, पंख्याची कडी, गच्चीवरचा पत्रा. पावसाळ्याआधी आम्ही छत्री शोधत नाही, कुलपांत तेल घालतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे महिने खारा वारा, आणि या दोघांना चातुर्मास पाळावा असं कधी वाटत नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यावर बसलेली कुठलीही वस्तू उचलली जाते. टायरचा काठसुद्धा.

"ॲलॉयला गंज चढत नाही," हे वाक्य गाडी विकणारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो फक्त पुण्यात बोलत असतो. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर आपोआप एक अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि तोच पुढचा धातू राखतो. पण समुद्राच्या मिठाला तो पापुद्रा टोचून आत जाता येतं. मग बारीक खळगे पडतात, वरच्या लॅकरखाली नागमोडी रेघा सरकायला लागतात आणि आत पांढरी भुकटी फुगून वर येते. लाल रंग नसल्यामुळे तिला कुणी गंज म्हणत नाही. धुतलं तर निघेल असं सगळ्यांना वाटतं. सुरुवात बहुधा जिथे रंगाला कुठे खरचटलं असेल तिथून होते. बॅलन्सिंगचं वजन ठोकताना, टायर काढताना पहारीची टोकं लागून किंवा खड्ड्यात आपटून. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याबद्दल बोलण्याइतकी जागा या लेखात नाही. रस्त्यावरही नसते.

यात पुन्हा हौस असते. डिसेंबरात घाटावरून येणाऱ्या गाड्या थेट समुद्राच्या ओल्या वाळूवर उतरतात, लाटांतून फवारे उडवत फिरतात, फोटो निघतात. मग रुततात, तेव्हा गावातला ट्रॅक्टर येतो. त्याचे पैसे देताना मंडळींना वाटतं की शिक्षा झाली. खरी शिक्षा रिमच्या कडेला शांतपणे बसून एमएच-१२ च्या पार्किंगमध्ये गेलेली असते आणि एखाद-दुसऱ्या वर्षाने उठते. आमच्याकडे जुनी गाडी घेताना लोक "घाटावरची आहे ना?" असं अगोदर विचारतात. घाटावर नेमका उलटा प्रश्न असतो. दोन्हीकडचे दलाल दोन्ही प्रश्नांना "हो, अगदी" म्हणतात.

एवढं सगळं असूनही दुरुस्ती कुणी करत नाही, कारण हवा फुकट आहे. पेट्रोल पंपावर ती मोफत द्यायची असा नियमच आहे आणि तसा फलकही असतो. फलकाखाली यंत्र असतं, यंत्रापुढे "बंद आहे" लिहिलेला पुठ्ठा असतो आणि पुठ्ठ्यापुढे हवा भरणारा पोऱ्या असतो. तो पुठ्ठा बाजूला करून हवा भरून देतो. आपण त्याला पाच-दहा रुपये देतो. अशा रीतीने मोफत हवेचा नियम आणि माणुसकी दोन्ही टिकून राहतात. लोकांना ही सवय इतकी लागते की चाकांना वार ठरलेले असतात. आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत, त्यांचं पुढचं उजवं चाक बुधवारचं आहे. बुधवारी त्यांना कुणी जेवायला बोलावत नाही.

भाऊंचा वार शनिवार. मारुतीचं दर्शन, मग हवा. पुढे त्यांना कुणी नायट्रोजन सुचवला. हिरवी टोपणं आली, पैसे वाढले, हवा तेवढीच गेली. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि रबरातून अणुरेणूंनी झिरपताना तो थोडा आळस करत असेल, पण सरळ फट मिळाल्यावर कोण आळस करतो? नायट्रोजनचा एक गुण मात्र खरा, तो कोरडा असतो. ते भाऊंना पंपावर कुणी सांगितलं नाही. त्यांना "टायर थंड राहतो, गाडी हलकी होते" असं सांगितलं.

मुलगा फोनवरून पुण्याचं तंत्रज्ञान सांगायचा. त्याच्या नव्या गाडीत हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागतो. पुष्कळ गाड्यांत हा दिवा हवा मोजतच नाही. तो चाकांचे फेरे मोजतो. हवा कमी झालेलं चाक किंचित बसकं होतं आणि इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी ताडते. नंतर हवा भरून बटण दाबायचं, म्हणजे गाडी आताची स्थिती खरी धरून पुढचं मोजते. मुलगा हवा न भरताच बटण दाबतो. दिवा विझतो. गाडीला असं पटवता येतं हे कळल्यावर भाऊ काही वेळ गप्प होते. मला वाटतं त्यांना आपलं खातं आठवलं.

खिळ्याचा शोध मात्र चालू होता. पहिल्या दुकानात टायरच्या खाचांतून साबणाचं पाणी फिरवलं, खडे काढले, काही निघालं नाही. दुसऱ्याने व्हॉल्व्हची पिन बदलली, म्हणजे निदान काहीतरी बदललं. तिसऱ्याने टायरमध्ये हिरवं जेल ओतलं. त्यानंतर साठच्या पुढे गाडी थरथरायला लागली, पण हवा जायची ती जातच होती, कारण ते जेल धावताना टायरच्या तळव्याशी फेकलं जातं आणि गळती होती कडेला. चौथ्याचा सल्ला सर्वांत भारतीय होता. "ट्यूब टाका." ट्यूबलेसमध्ये ट्यूब! आणि ती टाकून हजारो गाड्या चालतात. दोन रबरांमध्ये अडकलेली हवा, घासण, वाढलेली उष्णता, हे सगळं पत्करून. शेवटी कंपनीच्या वर्कशॉपात गेले. तिथे पाणी, साबण, ब्रश यांतलं काहीच नव्हतं. एसी होता. एका मुलाने टॅबवर बघून चारही टायर आणि चारही ॲलॉय बदलायचा आकडा सांगितला. भाऊंनी तो आकडा वहीत लिहिला आणि शेरा लिहिला, "दरोडा."

वहिनींनी एवढ्या दिवसांत या विषयावर एकच वाक्य उच्चारलं. "हवा भरायला जाण्या-येण्यात जेवढं पेट्रोल जाळलंत, तेवढ्यात एक चाक आलं असतं."

कुवारबावच्या पुढे, हातखंब्याच्या रस्त्याला एक टपरी आहे. जुना टायर टांगलेला, त्यावर पांढऱ्या रंगात "पंक्चर". मालक केरळचा, पण इतक्या वर्षांत त्याने रत्नागिरीचे रस्ते आमच्यापेक्षा जास्त वेळ खालून पाहिले आहेत. गाव त्याला अण्णा म्हणतं. भाऊ तिथे जायला तयार नव्हते, कारण तो हमरस्त्यावरचा पंक्चरवाला, म्हणजे यादीतला. शेवटी वहिनी गाडीत बसल्या, म्हणून निघालो.

अण्णाने टायरकडे पाहिलंच नाही. तो खाली बसला आणि रिमच्या कडेवरून नख फिरवलं. लॅकरचा एक पापुद्रा उडाला, खाली पांढरी भुकटी.

"घर कुठे?"

"भाट्याच्या बाजूला."

"मग बरोबर," अण्णा म्हणाला आणि जॅक लावला.

नट निघाले. चाक निघेना. ॲल्युमिनियमचं चाक, लोखंडी हब आणि मधे खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि भुकटीने दोघं एकमेकांना चिकटून बसतात. चाक निघायला तयार नव्हतं आणि हवा थांबायला तयार नव्हती, एकाच मिठामुळे. अण्णाने नट परत दोन-दोन आटे अडकवले, म्हणजे चाक सुटून अंगावर येऊ नये, आणि टायरच्या बाजूला टाचेने एक इथे, एक समोर अशा लाथा घालायला सुरुवात केली. भाऊ इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. हे पाहिल्यावर त्यांनी चपला सारख्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा टायरला घातलेल्या लाथेचा उपयोग झाला. चाक खट् करून सुटलं.

अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी होतं. चाक बुडवलं. काही नाही. भाऊ माझ्याकडे पाहायला लागले, मी वहिनींकडे. "थांबा," अण्णा म्हणाला. त्याने चहा मागवला. चहा आला, निम्मा संपला, तेव्हा रिमच्या कडेला एक इंचभर पट्ट्यात पाणी पांढुरकं दिसायला लागलं. बुडबुडा नव्हता. अगदी बारीक फेस होता, आला म्हटलं तर आला.

"खिळा असला तर बुडबुडा येतो, मोठा, एका ठिकाणी. हा फेस आहे. हा खिळा नाही. हा समुद्र आहे."

"समुद्राने केलंन्?" भाऊंनी विचारलं. त्यांच्या नोकरीत समुद्राला नोटीस बजावण्याची सोय नव्हती.

यंत्रावर टायरचा काठ सोडवला तेव्हा आतून पाणी सांडलं, जेलने हिरवट झालेलं. थेंब नव्हेत, चांगलं ओंजळभर.

"आत पाणी कुणी घातलंन्?"

"तुम्हीच," अण्णा म्हणाला. "दर आठवड्याला."

हे मलाही नवं होतं. दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. टाकीखालचा नळ रोज सोडून ते काढायचं असतं. ते न काढल्यास हवेबरोबर पाण्याचा फवारा टायरमध्ये जातो. कोकणात, पावसाळ्यात, दर शनिवारी. गंजामुळे हवा जाते म्हणून हवा भरायची, भरलेल्या हवेतून पाणी जायचं आणि पाण्याने गंज वाढायचा. मारुतीच्या साक्षीने भाऊ आपल्याच आरोपीला खायला घालत होते.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं आणि अण्णाने ते कंटाळा न करता केलं. जेल पुसून काढलं. तारेच्या ब्रशने रिमची कड घासली, मग पॉलिश पेपरने. धातू खरवडून खड्डा पडू नये म्हणून हात हलका. टायरच्या काठावर चिकटलेली भुकटीही काढली, कारण बहुतेक लोक रिम घासतात आणि टायर तसाच बसवतात, मग महिन्याभरात पुन्हा पिंप. टायरच्या आत बोट फिरवून बघितलं. कमी हवेवर फार चाललेल्या टायरच्या आत रबराचा काळा चुरा सापडतो, तसा सापडला तर टायर आतून पिचलेला आहे, तो फेकायचा. इथे नव्हता. उघड्या पडलेल्या धातूवर प्रायमर, तो वाळेपर्यंत दुसरा चहा. मग कडेला काळं, चिकट बीड सीलर, नवा रबरी व्हॉल्व्ह. हवा भरल्यावर काठ रिमवर चढताना दोनदा "टक्" आवाज आला, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. परत पिंपात. या वेळी चहा पूर्ण संपला तरी पाणी स्वच्छ.

"किती?"

"तीनशे. बॅलन्सिंग वेगळं."

भाऊंनी वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यासमोर पेन बराच वेळ अडलं होतं. अज्ञात इसमाच्या जागी खारा वारा लिहायचा म्हणजे प्रकरण दप्तरी दाखल करण्याचीच वेळ. त्यांनी अण्णाला विचारलं, "पण समजा, गंजाच्या जागी पहिल्यांदा कुणी खिळ्याने ओरखडा काढला असेल तर?"

अण्णा अनुभवी आहे. त्याने गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. त्याने बाकीच्या तीन चाकांकडे बोट दाखवलं. "ही पण त्याच घरात राहतात. पावसाआधी आणा. एकेक करू." मग सहज म्हणून विचारलं, "स्टेपनीत हवा किती?"

या प्रश्नाला भारतात कुणाकडेच उत्तर नसतं. २०२० पासून नियमाने ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असेल तर प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. पण भाऊंची गाडी त्या आधीची. डिकी उघडली. छत्र्या, आंब्याच्या पेटीतलं गवत, दोन सोललेले नारळ, वहिनींना हरवली असं वाटत असलेली एक पिशवी. त्याखाली स्टेपनी. लोखंडी डिस्क, टायरवरचे कारखान्यातले बारीक केसही शाबूत. गाडी घेतल्यापासून तिने रस्ता पाहिला नव्हता. कडेला लाल गंजाचे पापुद्रे आणि गेजवर ९.

अण्णा भाऊंकडे वळला. "याला कुणी खिळा मारला?"

भाऊंनी डिकीत वाकून पाहिलं. मग नारळ उचलून त्यांच्याखाली पाहिलं. मग गवत.

"डिकीची किल्ली," ते सावकाश म्हणाले, "आपण सर्व्हिसिंगला देतो ना, ती दिवसभर कुणाकुणाच्या हातात असते?"

वहिनी आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.